फाटकावर सांगितलेलं नातं

माझ्या सुनेचं लग्न मी ठरवलं होतं. मी म्हणजे तिची सासू. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. लेक माझा गेला, सून कुठे गेली होती? भरल्या वयातल्या बाईने जन्मभर माझ्या म्हाताऱ्याच्या भट्टीवर चिखल तुडवत राहावं, हे काही माझ्या मनाला पटत नव्हतं. बायका म्हणाल्या, "सासू असून असं बोलतेस?" मी म्हटलं, "सासू आहे म्हणूनच बोलते. आई असते तर नुसती रडत बसले असते."

आमचा धंदा विटांचा. नदीकाठची माती खणायची, रात्रभर भिजवायची, पायांनी मळायची, साच्यात थापून वीट पाडायची. उन्हात वाळवायची, उलटवायची, पुन्हा वाळवायची. पुरेशा वाळल्या की त्याच विटांची भट्टी रचायची, खाली आग द्यायची आणि वर येईपर्यंत राखत बसायचं. सांगायला किती वेळ लागतो? करून बघा म्हणजे कंबर सांगेल. पावसाळा तोंडावर यायच्या आत भट्टी भाजून मोकळी झाली तर वर्ष निभावलं, नाहीतर सगळ्या विटांचा पुन्हा चिखल.

लेकाला या चिखलाचा लहानपणापासून वीट आला होता. हसू नका, तो स्वतःच असं म्हणायचा. म्हणून फौजेत गेला. डोंगरातल्या कुठल्याशा रस्त्यावर त्यांच्या गाडीवर दरड कोसळली आणि तो आम्हाला पेटीत परत मिळाला. त्याआधीच्या सुट्टीत अंगणात बसून, पोरीला मांडीवर घेऊन मला म्हणाला होता, "आई, ही विटा पाडणार नाही. ही पायात बूट घालून शाळेत जाईल." त्याचं तेवढं एकच मागणं. म्हातारा, सून आणि मी, आम्ही तिघांनी ते मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

नदीपलीकडच्या टेकडीवर पलटणीची शाळा आहे. सैनिकांच्या पोरांची. राहणं, खाणं, कपडे, पुस्तकं, सगळं तिथेच. बाप गेलेल्या पोरांनाही तिथे जागा मिळते, तशी आमच्या नातीला मिळाली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण एवढीशी असूनही एका जागी बसेल तर शपथ. रविवारी घरी येते, संध्याकाळी परत जाते. पहिल्याच महिन्यात पोर घरी आली ती बूट चकचकीत करून, आणि चिखलात पाय कसा ठेवायचा म्हणून दारातच उभी राहिली. म्हाताऱ्याने तिला उचलून खाटेवर नेऊन ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले.

आता तुफानबद्दल सांगते. तुफान म्हणजे आमच्या विटा वाहून नेणारा गाडीवाला. त्याचा घोडा इतका सावकाश चालतो की बाजूने कोंबडी गेली तर ती पुढे जाते, म्हणून गावाने त्याचं नाव तुफान ठेवलं. घोड्याचं नाही, त्याचं. त्याला कधी राग आला नाही. "मावशी," मला म्हणायचा, "विटा फुटत नाहीत ना माझ्या गाडीत? मग झालं तर." आणि खरंच फुटायच्या नाहीत. एकटा जीव, आईला शेवटपर्यंत सांभाळता सांभाळता लग्नाचं राहून गेलेलं. हाताने राबणारा, तोंडाने कमी.

त्याची आणि मुंगीची गट्टी बटाट्यांवरून जमली. भट्टी निवत आली की आम्ही कडेच्या राखेत बटाटे पुरतो. तुफान त्यातला सगळ्यात मोठा उकरून काढायचा, फुंकर मारून मारून राख उडवायचा, आणि मुंगीच्या हातात द्यायचा. ती खाईपर्यंत घोड्याला थांबवून ठेवायचा. घोड्याला काय, थांबायचं निमित्तच हवं असायचं. सून विटा द्यायला उभी असायची ती हे बघत राहायची. मी तिला बघत होते. डोळे आहेत मला.

मीच विषय काढला. सून आधी रडली, मग रागावली, मग दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी साचा धुता धुता म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाल तसं." मी म्हटलं, "माझ्या म्हणण्याचं सोड. तुला काय वाटतं?" ती मान खाली घालून हसली. नवरा गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. भट्टी भाजून झाली की लग्न करायचं ठरलं. लेकाच्या फोटोसमोर मीच जाऊन सांगून आले.

एक गंमत तेव्हापासून सुरू झाली. तुफान आधी सुनेला "वहिनी" म्हणायचा. ठरल्यापासून तिला हाक मारायला त्याच्याकडे शब्दच उरला नाही. वहिनी म्हणवेना, नावाने तर मुळीच नाही. विटा घ्यायला उभा राहिला की खोकायचा. सून लगेच विटा पुढे करायची. मी म्हाताऱ्याच्या कानात ओरडून म्हणायचे, "अहो, गाडीवाल्याला खोकला झालाय बघा!" सून पदर तोंडाला लावून पाठ फिरवायची. तेवढेच ते काय आमचे सुखाचे दिवस.

मग कायदा आला.

दुकानदाराने रेडिओवर ऐकलं आणि मीठ मोजता मोजता मला सांगितलं. "आजी, पलटणीच्या शाळांचा नवा कायदा झालाय. तुमच्या नातीचं जरा विचारून या." कसला कायदा ते त्यालाही धड सांगता येईना. मी आणि सून दुसऱ्या दिवशी हातापायांचा चिखल खरवडून टेकडी चढलो. शाळेच्या मोठ्या बाईंनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. कायदा काही त्यांनी केला नव्हता.

"जागा कमी आहेत," त्या म्हणाल्या, "आणि बदली होऊन येणाऱ्या सैनिकांची मुलं ताटकळत बसली आहेत. म्हणून आता ठरलंय की जागा फक्त सैनिकाच्या घरातल्या मुलांना. वडील गेले असतील तरी मूल सैनिकाच्याच घरचं धरतात, त्याला धक्का नाही. फक्त आईने दुसरं लग्न केलं, आणि तो माणूस फौजेतला नसला, तर मूल त्या नव्या घरातलं धरलं जाणार. मग जागा जाते."

"जाते म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्या सत्राच्या अखेरीला घरी न्यायचं."

 सून खिडकीबाहेर बघत होती. मैदानावर पोरं रांगेत कवायत करत होती आणि आमची मुंगी सगळ्यात पुढे, सगळ्यात बुटकी, हात असे झटकत होती जणू सगळी पलटण तीच चालवते.

उतारावर मी म्हटलं, "बघू, काहीतरी मार्ग निघेल." सून म्हणाली, "मार्ग काय निघायचाय, आई? मुंगीची शाळा संपली की बघू." शाळा संपायला सात वर्षं होती. मी तिला तसं म्हटलं. "असू दे," ती म्हणाली, "त्यांच्या घोड्याला कुठे घाई आहे?" हे ती हसत म्हणाली आणि पुढच्याच वळणावर दगडावर बसून अशी रडली की माझ्याच्याने बघवेना.

तुफानला मीच सांगितलं. तो गाडीचा खिळा ठोकत होता. ऐकलं, खिळा पुरता ठोकला, हातोडी खाली ठेवली. "पोरीची शाळा पहिली, मावशी," म्हणाला. "मी कुठे पळून चाललोय?" मग सुनेकडे बघून खोकला. हसायला मात्र त्या दिवशी कोणालाच आलं नाही.

भट्टी रचून झाली. मोठी भट्टी होती त्या वर्षी, आम्ही चौघांनी हाताला फोड येईपर्यंत रचली. आग दिली. एकदा आग दिली की भट्टी सोडून जाता येत नाही. बाहेरून मातीचं लिंपण असतं, ते तडकलं तर ज्वाळा बाहेर पळतात, आत अर्धं कच्चं अर्धं जळकं राहतं आणि वर्षाची मेहनत मातीमोल. म्हणून कोणी ना कोणी ओला चिखल घेऊन सारखं फिरत असतं. म्हातारा लाकडं सारतो, मी आणि सून तडे बुजवतो. भुवया करपतात. ओठ फुटतात. तोंडाला राखेची चव येते, ती आठवडाभर जात नाही.

ऐन आगीत शाळेचा निरोप आला. शाळेत गोवराची साथ आहे, तुमच्या मुलीला ताप भरलाय, घरी घेऊन जा, आजच. सुनेच्या दोन्ही हातांत चिखल होता. त्याच वेळी उगवतीच्या बाजूला भिंतीला हातभर तडा गेला आणि आतला जाळ फुत्कारत बाहेर आला. सून निरोप्याकडे बघे, भिंतीकडे बघे. आई म्हणून तिचे पाय टेकडीकडे ओढत होते आणि म्हातारा ओरडत होता, "चिखल आणा, चिखल!" तो निरोप त्याला ऐकूही गेला नव्हता.

"मी आणतो," तुफान म्हणाला. गाडीत गवत टाकलं, त्यावर स्वतःची घोंगडी अंथरली, आणि निघाला. त्या दिवशी तो घोडा पळाला. आयुष्यात पहिल्यांदा पळाला, गाव रस्त्यात उभं राहून बघत होतं.

मावळतीला तो परत आला. मुंगी घोंगडीत गुंडाळलेली, तोंड लाललाल, पण डोळे उघडे. "आज्जी," म्हणाली, "घोडा पळाला!" सुनेने चिखलाचे हात तसेच ठेवून कोपरांनी पोरीला छातीशी धरलं. मी तुफानला पाणी दिलं. तो पाणी न पिताच उभा राहिला.

"मावशी, एक चूक झाली."

"काय केलंस रे?"

"फाटकावरचा रखवालदार पोरीला सोडेना. म्हणाला, आई-बापाशिवाय कोणाच्याही हाती देणार नाही, तसा नियम आहे. मी म्हटलं, आई भट्टीवर आहे, येऊ शकत नाही. तो म्हणाला, मग बाप येऊ दे. पोर आत व्हरांड्यात थरथरत होती, मला दिसत होती." तो थांबला. "मी म्हटलं, मी बाप."

मी कपाळावर हात मारला. "अरे कर्मा!"

"दुसरं काही सुचलंच नाही, मावशी."

त्याला काय बोलणार? मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. सुनेने ऐकलं होतं. ती पोरीला घेऊन आत जाता जाता वळली आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली की मीच नजर बाजूला घेतली.

मुंगी बरी झाली. भट्टीही वाचली. बूट पुसून पोर शाळेत परत गेली, आणि आठवड्याने बोलावणं आलं. मुलीची आई, आजी आणि मुलीला घेऊन गेलेला गृहस्थ, सगळ्यांनी हजर व्हावं. गृहस्थ! तुफानला आयुष्यात कोणी गृहस्थ म्हटलं नव्हतं.

आदल्या दिवशी मी दोघांना निवलेल्या भट्टीच्या आडोशाला बसवलं. "हे बघा, फार बोलायचं नाही. बोललं की फसतो माणूस. विचारलं की सांगायचं, कोणी नाही. तू म्हण, मी कोणी नाही, विटा वाहतो. तू म्हण, कोणी नाही, विटा नेतो. बस्स. लग्न झालेलं नाही, मग खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाही," तुफान म्हणाला. पण त्याने ते दोनदा म्हणून बघितलं, "मी कोणी नाही, मी कोणी नाही," आणि दुसऱ्या वेळेला त्याचा आवाज बसला. त्याने राखेतून एक बटाटा उकरला, फुंकर मारली आणि खिशात टाकला. म्हणाला, "उद्या मुंगीला देतो. गार झाला तरी चालेल."

शाळेतल्या त्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे मोठ्या बाई आणि पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त साहेब. कायद्याचं पाहायला त्यांना नेमलं होतं. टेबलावरची काच इतकी स्वच्छ की हात ठेवायची भीती वाटावी. या खेपेला खुर्च्या दोनच होत्या. सून आणि मी बसलो, तुफान मागे उभा राहिला. मुंगीला बोलावून बाईंच्या शेजारी उभं केलं होतं. तिने आमच्याकडे बघून हळूच बोटं हलवली.

साहेबांनी तुफानला विचारलं, "तुम्ही फाटकावर सांगितलंत की मी मुलीचा बाप?"

"होय साहेब."

"आहात?"

"नाही साहेब. मी कोणी नाही. विटा वाहतो."

नीट बोलला. शिकवलं तसं. पण मुंगी त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. साहेब काही वाईट माणूस वाटत नव्हते, पण आयुष्यभर हुकूम दिलेल्या माणसाला सरळ उत्तराचा संशय येतो. ते म्हणाले, "जो कोणी नाही तो स्वतःला बाप म्हणवत नाही. घोडा पळवत येत नाही. माझ्याकडे इथे रोज एक घर येतं, लग्न लपवणारं. काही लग्न न करताच एकत्र राहतात, जागा जाऊ नये म्हणून. दोन्ही मला सारखंच." मग ते सुनेकडे वळले. "बाई, तुम्ही सांगा. या माणसाचं तुमच्या घरी येणं-जाणं काय म्हणून आहे?"

 दाराशी रखवालदार उभा होता, तोही कान देऊन. साहेबांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, तिची फुटलेली नखं, करपलेली भुवई, सगळं. पोरीच्या देखत. मी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. मनात म्हणत होते, बोल गं, कोणी नाही. दोन शब्द. बोल आणि सुट.

सुनेचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. ती उठून उभी राहिली.

"भाऊ आहेत माझे," ती म्हणाली. "मी भाऊ मानलंय त्यांना."

मागे तुफानचा श्वास मला ऐकू आला. मी वळून बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"असं होय!" मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. "मग मामा म्हणायचं की फाटकावर. एवढा घोळ तरी झाला नसता." साहेबांनीही मान हलवली. त्यांची नजरच बदलली. घरंदाज बाईकडे बघावं तसे तिच्याकडे बघायला लागले. म्हणाले, "भाऊ आहे म्हणताय, चार माणसांसमोर म्हणताय, तर माझं काही म्हणणं नाही. मुलगी शिकेल." आणि रखवालदाराला म्हणाले, "हे मुलीचे मामा. आले की भेटू द्यायचं."

मुंगीच्या कपाळाची आठी एकदम गेली. "तुफानमामा!" ती ओरडली आणि बाईंची परवानगी न घेताच टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे धावली. त्याने खिशातून बटाटा काढला. गार, चुरडलेला. तिने तो तिथेच सोलायला घेतला आणि सालं त्या चकचकीत फरशीवर पडली. तुफान खाली बसून एकेक साल वेचत राहिला. बराच वेळ वेचत राहिला. एवढी सालं नव्हती.

परतताना तो लगाम धरून घोड्याच्या बाजूने चालला. सून गाडीच्या मागच्या टोकाला बसली, तोंड शाळेकडे करून. मी मधे. उतार संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. पोरीची शाळा राहिली."

घरी आल्यावर ती थेट मातीच्या खड्ड्यात उतरली. तिथे करायला काही नव्हतं, तरी तुडवत राहिली. मी काठावर उभी राहून म्हटलं, "काय बोलून बसलीस गं? कोणी नाही एवढंच म्हणायचं होतं. कोणी नाही तो पुढेमागे कोणी तरी झाला असता. भाऊ म्हटलंस, आता तो भाऊच."

"माहीत आहे मला."

"मग?"

"ते साहेब माझ्याकडे कसं बघत होते, तुम्ही बघितलं नाही?" ती तुडवायची थांबली नाही. "मुंगी बघत होती. रखवालदार बघत होता. मी नुसतं कोणी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते घाण नातंच खरं धरलं असतं. जे आहे ते सांगता येईना, जे नाही ते चिकटवत होते. मग तोंडात आला तो सगळ्यात स्वच्छ शब्द मी बोलून टाकला. आई, मी त्यांना काय दिलं ते मला कळतंय. मला नका सांगू."

 मी खड्ड्यात उतरले आणि तिच्याबरोबर तुडवू लागले. दोघी रडत होतो आणि म्हातारा काठावरून विचारत होता, "अगं, भट्टी तर झाली, आता चिखल कशाला?"

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. रखवालदाराने ती फाटकावरून जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना सांगितली, त्याचं तोंड कोण धरणार? बायका नळावर म्हणाल्या, "बरं केलंस हो, भाऊ मानलंस. चांगला माणूस आहे." लग्नाचं ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही असं दाखवलं की कधी ऐकलंच नव्हतं. चांगुलपणाच तो त्यांचा, पण त्या चांगुलपणाने दार आणखी घट्ट बंद झालं.

तुफान मात्र शब्दाला जागला. दर बुधवारी, भेटीच्या दिवशी, फाटकावर जाऊन "मामा" म्हणून उभा राहायचा. बटाटा न्यायचा, सीताफळ न्यायचा, एकदा बुटांच्या नाड्या घेऊन गेला. पोर रविवारी घरी आली की तिच्या तोंडी तुफानमामाशिवाय दुसरी गोष्ट नसायची. वर्ष असं गेलं.

पुन्हा भट्टीचे दिवस आले. विटा भाजून निघाल्या, निवल्या, आणि एका सकाळी गाडी भरायचं काम चाललं होतं. मी दुकानातून येत होते. दुकानदार मागून पळत आला, तराजू तसाच लोंबता ठेवून.

"आजी, ऐकलंत का? तो कायदा बदलला! फौजींच्या बायकांनी राजधानीत जाऊन धरणं धरलं होतं म्हणे. आईने लग्न केलं तरी पोराची जागा जात नाही आता. ते कलमच काढून टाकलं!"

माझ्या हातातली पिशवी कुठे पडली मला ठाऊक नाही. या वयात मी पळाले. पायात एक चप्पल, एक नाही. भट्टीशी पोचले तेव्हा तुफान गाडीत उभा होता आणि सून खालून त्याला विटा देत होती, एका वेळी चार. म्हातारा सावलीत पडला होता. मला दम लागला होता, तरी मी सगळं सांगितलं. कायदा मागे घेतला. जागा जात नाही. काही झालं तरी पोरीची जागा जात नाही.

सून विटा छातीशी धरून तशीच उभी राहिली. विटांच्या कडा तिच्या हातात रुतत होत्या. तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा बघितलं असेल. त्यानेही बघितलं. मी देवाशप्पथ सांगते, मी मनात म्हणत होते, खोक रे बाबा. एकदा खोक. बाकीचं मी बघते, गावाशी मी भांडते, त्या मिशीवाल्या साहेबांच्या पाया पडते.

घोड्याने पाय बदलला. गाडी हलली, त्याने तोल सावरला. तेवढ्यात त्याची नजर टेकडीकडे गेली. बुधवार होता. गाडीच्या पुढच्या फळीवर फडक्यात बांधलेला बटाटा ठेवलेला होता.

तो वाकला आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या ताई," म्हणाला. "ऊन चढतंय."

तिने विटा त्याच्या हातात दिल्या आणि पुढच्या उचलायला खाली वाकली. मी माझी दुसरी चप्पल शोधायला परत रस्त्याने गेले.